उघडें घर आणि बंद पेटी

आजचा विषय एका निवृत्त शाळामास्तरानें निवडावा ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. मी १९७७ सालीं मॅट्रिक झालों, पुढें शिक्षकाची पदविका घेतली, आणि एका तालुक्याच्या गांवीं चाळीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकवून २०१९ सालीं निवृत्त झालों. संगणकशास्त्राची एकही परीक्षा मीं दिलेली नाहीं. परंतु आमच्या शाळेच्या कपाटांत एक प्रिंटर पडून आहे. त्याचा एकही दांता झिजलेला नाहीं, आणि तरीही तो छापीत नाहीं. तो कां छापीत नाहीं ह्याचा माग काढतां काढतां मी ज्या इतिहासापर्यंत जाऊन पोंचलों, तो आज आपणांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. २०१० सालीं एका कचेरीनें मोडींत काढलेले दहा संगणक आमच्या शाळेस मिळाले. विकतची प्रणाली घेण्यास पैसा नव्हता; तेव्हां शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानें त्यांवर लिनक्स नांवाची खुली प्रणाली बसवून दिली. प्रिंटर मात्र आम्हीं वर्गणी काढून नवा घेतला. त्याच्या कंपनीनें लिनक्ससाठीं ड्रायव्हर दिला होता, पण तो बंद स्वरूपाचा. चार वर्षें तो बिनतक्रार चालला. पुढें २०१४ सालीं प्रणालीची नवी आवृत्ति बसविली, आणि त्या दिवसापासून प्रिंटर मुका झाला. कंपनीस पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, तो नमुना आतां निघत नाहीं, नवा घ्यावा. माझ्या विद्यार्थ्यास तो ड्रायव्हर दुरुस्त करावयाचा होता, आणि त्याच्या अंगीं तितकी विद्याही होती. परंतु दुरुस्त काय करणार? आंत काय लिहिलें आहे तें पाहण्याची सोयच नव्हती.

गंमत अशी कीं, त्याच आठवड्यांत मीं स्वतः अगदीं उलट निर्णय दिला. आमच्याकडील वाय-फायचें उपकरण खुल्या ड्रायव्हरानें चालेना. बंद ड्रायव्हर घातला तर लगेच चालत होतें. माझा विद्यार्थी तत्त्वाचा कडवा. तो म्हणाला, "गुरुजी, एकदां हात पोळला, पुन्हां तेंच करावयाचें का?" परंतु तेवीस मुलांचे परीक्षेचे अर्ज भरावयाचे होते आणि मुदत संपण्यास चार दिवस उरले होते. मीं म्हटलें, "बाबा, तत्त्व राहूं दे, मुलांचें वर्ष जाईल." त्यानें निमूटपणें ड्रायव्हर बसविला. अर्ज वेळेवर गेले. मीं केलें तें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत आहे. आणि पुढें मला असें आढळून आलें कीं, जगांतील मोठमोठे कार्यकर्ते हाच प्रश्न कित्येक वर्षें एकमेकांस विचारीत आले आहेत.

आतां ड्रायव्हर म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मोटार हांकणाऱ्या ड्रायव्हराशीं त्याची गल्लत करूं नये. पूर्वीं दरबारांत परका वकील आला म्हणजे दोघांमध्यें दुभाषी लागे. संगणकाची मुख्य प्रणाली ही त्या दरबारासारखी आहे, आणि प्रिंटर, वाय-फाय, चित्र दाखविणारें कार्ड हीं उपकरणें परक्या वकिलांसारखीं. प्रत्येकाची भाषा निराळी. प्रणालीची आज्ञा त्या भाषेंत आणि उपकरणाचें उत्तर प्रणालीच्या भाषेंत सांगणारा जो दुभाषी, तोच ड्रायव्हर. खुल्या प्रणालींत सारें काम माणसाला वाचतां येईल अशा मूळ संहितेंत सर्वांसमोर मांडलेलें असतें. कोणीही तें वाचावें, सुधारावें व दुसऱ्यास द्यावें. बंद ड्रायव्हर मात्र केवळ यंत्राला समजणाऱ्या आकड्यांच्या राशीच्या रूपानें मिळतो. तयार लाडू हातीं पडला म्हणून पाक कसा केला होता तें जसें कळत नाहीं, तसेंच हें आहे. थोडक्यांत, सारा दरबार उघडा, आणि दुभाषी तेवढा पडद्याआडून बोलणारा! अशा दुभाष्यास खुल्या प्रणालीनें घरांत घ्यावें कीं घेऊं नये, हा आजचा वाद होय.

मला नवल वाटलें तें हें कीं, ह्या साऱ्या इतिहासाचा आरंभही एका प्रिंटरपासूनच झाला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेंत रिचर्ड स्टॉलमन नांवाचा एक तरुण कामास होता. तेथील जुन्या प्रिंटरची मूळ संहिता त्याच्या हातीं होती. कागद वारंवार अडके. तेव्हां स्टॉलमननें तींत अशी भर घातली कीं, कागद अडकला कीं छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना जावी. त्यांतील कोणी तरी उठून कागद सोडवी, आणि सर्वांचें काम होई. सन १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीनें प्रयोगशाळेस नवा, अधिक वेगवान प्रिंटर दिला. कागद त्यांतही अडके. परंतु त्याची मूळ संहिता मिळाली नाहीं. स्टॉलमन कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका संशोधकाकडे ती मागण्यास गेला. त्या गृहस्थानें, ती कोणास न देण्याचें वचन आपण दिलें आहे, असें सांगून नकार दिला. स्टॉलमनच्या मनाला तो नकार फार लागला. एका माणसानें एका कंपनीस दिलेलें वचन हें पुढें येणाऱ्या सर्व माणसांस मदत नाकारण्याचें वचन ठरतें, असा विचार त्याच्या मनांत रुजला.

२७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यानें ग्नू नांवाची संपूर्ण मुक्त प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली, आणि १९८९ सालीं जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना सिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ति जून १९९१ मध्यें निघाली. ह्या परवान्याचें सार असें कीं, ही संहिता घ्या, वापरा, बदला; परंतु तिच्यावर आधारलेलें काम दुसऱ्यास द्याल तर त्याची मूळ संहिताही ह्याच अटीवर द्या. वडिलार्जित पाणवठ्यावर सर्वांनीं पाणी भरावें, पण कोणीं कुंपण घालूं नये, असा हा न्याय आहे.

त्याच १९९१ सालच्या ऑगस्टांत फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स ह्यानें आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचें जाहीर केलें. आपल्यापाशीं ज्या जातीची हार्ड डिस्क आहे तिच्यापलीकडे ही प्रणाली बहुधा कधींच जाणार नाहीं, असेंही त्यानें विनयानें लिहिलें होतें. म्हणजे ड्रायव्हरांची उणीव ही लिनक्सच्या पाळण्यांतलीच व्यथा! १९९२ सालीं टॉरवल्ड्सनें तिला उपरोक्त परवाना लावला, आणि जगभरचे लोक आपापल्या घरच्या उपकरणांसाठीं ड्रायव्हर लिहून तीत घालूं लागले. १९९४ सालीं तिची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली.

परंतु ड्रायव्हर लिहावयाचा तर उपकरणाची भाषा ठाऊक हवी, आणि ती भाषा कंपनीच्या कपाटांत कुलूपबंद! कांहीं कंपन्यांनीं आपलीं माहितीपत्रें मोकळेपणानें दिलीं, कांहींनीं उत्तरच दिलें नाहीं, आणि कांहीं म्हणाल्या, "माहिती देणार नाहीं, पण तयार ड्रायव्हर देतों." ह्या तिसऱ्या वर्गानें पेंच उत्पन्न केला. १९९५ सालच्या आवृत्तीपासून लिनक्सचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, चालूं असतांनाच त्यास बाहेरून तुकडे जोडण्याची सोय रुळली होती. त्या दारानें बंद ड्रायव्हर आंत येऊं लागले. परवाना असें म्हणतो कीं, लिनक्सवर आधारलेलें काम खुलें केलें पाहिजे. मग हा ड्रायव्हर लिनक्सवर आधारलेला कीं स्वतंत्र? टॉरवल्ड्सचें मत मध्यम मार्गाचें होतें. अँड्र्यू फाइल सिस्टिमसारखें एखादें काम मुळांत दुसऱ्या प्रणालीसाठीं लिहिलें गेलें असेल, तर तें लिनक्सपासून निघालें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु जें मुद्दाम लिनक्सच्या अंतरंगास धरून लिहिलें, त्याची गोष्ट निराळी. ही रेघ नेमकी कोठें ओढावी ह्याबद्दल कायदेपंडितांत आजही एकवाक्यता नाहीं.

आतां दोन्ही पक्षांचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकिलें पाहिजे. बंद ड्रायव्हर घ्यावेत असें म्हणणारा पक्ष कांहीं लोभी नव्हे. तो म्हणतो, ज्यानें यंत्र विकत घेतलें त्याचा पैसा गुंतून पडला आहे. त्यास चित्र दिसलें नाहीं, आवाज आला नाहीं, तर तो खुली प्रणाली सोडून बंद प्रणालीकडे परत जाईल, आणि मग एका ड्रायव्हराऐवजीं त्याचें सारें घरच बंद होईल. शिवाय कंपन्यांच्या अडचणीही सर्वच कल्पित नसतात. त्यांच्या ड्रायव्हरांत दुसऱ्या कंपन्यांकडून अटीवर घेतलेले भाग असतात. पेटंटच्या फिर्यादींचें भय असतें. बिनतारी उपकरणांच्या बाबतींत रेडिओलहरींचे सरकारी नियम मोडले जातील अशीही धास्ती असते. आणि वापरणारे मूठभर असतील तर व्यापारी त्यांच्यासाठीं इतकी यातायात कां करील?

दुसरा पक्ष म्हणतो, बंद ड्रायव्हर हा नुसता पाहुणा नव्हे. तो थेट माजघरांत राहतो. लिनक्समध्यें ड्रायव्हर गाभ्याच्या आंत चालतो, आणि तेथें त्याची एक चूक झाली तर सारें यंत्र बंद पडतें. चूक कोणाची हें शोधावें तर त्याच्या खोलीस कुलूप! शिवाय लिनक्सच्या कार्यकर्त्यांनीं आपल्या गाभ्याची आंतली रचना कायमची बांधून घेतलेली नाहीं. त्यांत सुधारणा झाली कीं, जो ती करतो तोच घरांतील सर्व ड्रायव्हरही त्याबरोबर दुरुस्त करतो. म्हणून जुन्यापुराण्या उपकरणांचे ड्रायव्हर त्यांचा कारखाना बंद झाला तरी चालत राहतात. बाहेरचा बंद ड्रायव्हर मात्र तसाच मागें पडतो. आमच्या प्रिंटरचें हेंच झालें. प्रिंटरचा ड्रायव्हर गाभ्याच्या बाहेर असतो खरा, परंतु न्याय तोच: तो ज्या आधारांवर उभा होता ते नव्या आवृत्तींत बदलले, आणि त्यास नवे आधार देणारें कोणी उरलें नाहीं.

ह्याच न्यायाचें एक मोठें उदाहरण देतों. एनव्हिडिया ही चित्रें काढणारीं कार्डें करणारी मोठी कंपनी. तिनें अनेक वर्षें लिनक्ससाठीं बंद ड्रायव्हर दिला आणि तो उत्तम चालेही. परंतु जुन्या कार्डांसाठीं असलेल्या ३४० क्रमांकाच्या मालिकेचा सांभाळ तिनें २०१९ अखेर थांबविला. कार्डें धडधाकट होतीं. दुभाषी मात्र नोकरी सोडून गेला. तसेंच आपल्या खिशांतील मोबाइल फोनांचें पाहा. अँड्रॉइडचा पाया लिनक्सच; तरीही दोन-चार वर्षांत फोनास नव्या आवृत्ति मिळेनाशा होत, ह्याचें एक कारण असें कीं, आंतील चिपांचे कांहीं ड्रायव्हर बंद असत आणि चिप करणारा कारखाना ते नव्यानें करून देत नसे.

मग लिनक्सच्या मंडळींनीं काय केलें? त्यांनीं दार बंदही केलें नाहीं आणि पाहुण्यास घरचा म्हटलेंही नाहीं. २००१ सालीं त्यांनीं अशी योजना केली कीं, प्रत्येक ड्रायव्हरानें आपला परवाना स्पष्ट सांगावा. बंद ड्रायव्हर आंत शिरला कीं कर्नेलवर 'दूषित' असा शिक्का बसावा. असा शिक्का असलेल्या यंत्राची तक्रार आली तर कार्यकर्ते नम्रपणें म्हणत, "ज्यानें बंद पेटी दिली त्याच्याकडे जा." त्याच वर्षीं गाभ्यांतील कांहीं सोयी केवळ खुल्या ड्रायव्हरांसच मिळाव्या असेंही ठरलें.

शिक्का म्हटला कीं तो चुकविण्याची युक्ति आलीच. २००४ सालीं मोडेमचे ड्रायव्हर करणाऱ्या एका कंपनीनें आपल्या परवान्याच्या नोंदींत प्रथम जनरल पब्लिक लायसन्सचीं तीन आद्याक्षरें लिहिलीं, त्यांपुढें वाक्य संपल्याची अदृश्य खूण घातली, आणि तिच्यापुढें खरी मर्यादा लिहिली. यंत्र वाचतांना त्या खुणेपाशीं थांबे आणि ड्रायव्हर खुला आहे असें समजे. कंपनीचा खुलासा असा कीं, इशाऱ्यांच्या ओळी पुनःपुन्हां उमटून गिऱ्हाइकें गोंधळतात, म्हणून असें केलें. हेतु कांहींही असो. ज्या नोंदीवर सर्वांचा विश्वास, तीच खोटी झाली. पुढें २००८ सालीं शंभराहून अधिक कर्नेल-कार्यकर्त्यांनीं, बंद ड्रायव्हर हे अहितकारक व अनिष्ट आहेत, असें निवेदन सह्यांनिशीं प्रसिद्ध केलें. तरीही त्यांनीं ते बसविण्याची वाट तोडली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

ह्याहून कडक भूमिका ओपनबीएसडी ह्या प्रणालीची. तिचे प्रमुख थिओ द राट ह्यांनीं, ज्या ड्रायव्हराची मूळ संहिता नाहीं तो आमच्या घरांत नकोच, असा नियम ठेविला. आणि नुसता नकार देऊन हे लोक बसले नाहींत. अथेरॉस कंपनीच्या वाय-फाय चिपांसाठीं इतरत्र अर्धा खुला व अर्धा बंद ड्रायव्हर चाले. ओपनबीएसडीच्या एका कार्यकर्त्यानें २००४ सालीं त्या बंद अर्ध्याचें काम उलट्या वाटेनें शोधून काढून स्वतः लिहिलें. पुढें २००८ सालीं खुद्द त्या कंपनीनेंच आपल्या नव्या चिपांसाठीं लिनक्सला खुला ड्रायव्हर दिला.

उलट्या वाटेनें शोधण्याची ही विद्या मोठी कष्टाची आहे. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपांबाबत कार्यकर्त्यांनीं आपले दोन तट पाडले. एका तटानें बंद ड्रायव्हराचें निरीक्षण करून चिप कशी वागते ह्याचें केवळ वर्णन लिहावें; दुसऱ्या तटानें बंद ड्रायव्हर डोळ्यांनीं न पाहतां, त्या वर्णनावरूनच नवा लिहावा. ह्यामुळें नक्कल केल्याचा आरोप येऊं शकत नव्हता. तो ड्रायव्हर २००६ सालीं लिनक्समध्यें आला. आणि २०१० सालीं ब्रॉडकॉमनें स्वतः खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. दुसरीकडे, २००७ सालच्या जानेवारींत कर्नेलचे एक प्रमुख कार्यकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनीं कंपन्यांस जाहीर आमंत्रण दिलें कीं, तुम्ही उपकरणाची माहिती द्या, आम्ही ड्रायव्हर फुकट लिहून देतों व सांभाळतों. त्याच वर्षीं सप्टेंबरांत एएमडी कंपनीनें आपल्या चित्र-कार्डांची माहितीपत्रें प्रसिद्ध करण्याचें व खुल्या ड्रायव्हरास साह्य करण्याचें जाहीर केलें, आणि तो शब्द पाळला.

एनव्हिडियाचा मार्ग लांबचा ठरला. तिच्या कार्डांसाठीं स्वयंसेवकांनीं नूव्हो नांवाचा खुला ड्रायव्हर उलट्या वाटेनें रचला. तो २०१० सालीं लिनक्समध्यें आला. जून २०१२ मध्यें फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत बोलतांना टॉरवल्ड्सनें ह्या कंपनीस उद्देशून जो हातवारा व जे शब्द योजिले, ते मला येथें सांगतां येणार नाहींत. आम्हांला भेटलेल्या कंपन्यांत ही सर्वांत वाईट, इतका त्यांचा सभ्य भावार्थ. पुढें तिच्या नव्या कार्डांस तर कंपनीच्या सहीचेंच अंतर्गत लेखन लागूं लागलें, आणि त्यामुळें नूव्होस तीं कार्डें पूर्ण वेगानें चालवितां येईनात. अखेर मे २०२२ मध्यें कंपनीनें गाभ्यांत चालणाऱ्या भागाची मूळ संहिता खुली केली. परंतु बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, पूर्वीं ड्रायव्हरांत असलेलें बरेंचसें काम आतां कार्डावरील चिपेंतील बंद लेखनांत गेलें आहे, आणि गाभ्याबाहेरील भागही बंदच राहिला. कुलूप निघालें नाहीं, तें एक खोली आंत सरकलें.

चिपेच्या पोटांतील ह्या लेखनास फर्मवेअर म्हणतात, आणि अलीकडच्या वादाचें रणक्षेत्र तेंच आहे. डेबियन ही स्वयंसेवकांनीं चालविलेली जुनी संस्था. तिनें १९९७ सालीं समाजाशीं लेखी करार केला कीं, आमची प्रणाली सदैव मुक्त राहील. २०११ सालच्या आवृत्तींत तिनें कर्नेलमधील बंद फर्मवेअरही उपसून काढलें. ज्यास हवें त्यानें तें निराळ्या कप्प्यांतून घ्यावें. तत्त्व निर्मळ होतें. पण वर्षें गेलीं तशीं उपकरणें अशीं येऊं लागलीं कीं, फर्मवेअरशिवाय वाय-फाय नाहीं, आणि वाय-फायशिवाय तें फर्मवेअर आणणार कसें? विहिरींत उतरण्यास दोर हवा, आणि दोर विहिरींत! दृष्टिहीन माणसांची अडचण तर अधिक करुण होती. ते आवाज ऐकून प्रणाली बसवितात. परंतु कित्येक नव्या यंत्रांत आवाजाच्या चिपेसही बंद फर्मवेअर लागूं लागलें. म्हणजे आपल्या तत्त्वाची किंमत आंधळ्या माणसानें भरावयाची कीं काय, असा प्रश्न उभा राहिला. २०२२ सालच्या मतदानानें डेबियनच्या सभासदांनीं निर्णय दिला कीं, बसविण्याच्या अधिकृत साधनांत असें फर्मवेअर ठेवावें. आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून तें अंमलांत आलें. मात्र त्याचा कप्पा निराळा राखला, कोणतें फर्मवेअर बसलें तें वापरणाऱ्यास सांगितलें जातें, आणि ज्यास नको त्यास तें टाळण्याची मुभा आहे.

हा निर्णय वाचला तेव्हां मला आमची तेवीस मुलें आठवलीं.

आणखी एक प्रसंग सांगतों, जो ड्रायव्हराचा नसूनही ह्या वादांतलाच आहे. २००२ सालीं लिनक्सच्या कार्यकर्त्यांनीं आपलें काम जुळविण्यासाठीं बिटकीपर नांवाचें एक बंद साधन स्वीकारलें. तें चांगलें होतें, त्यांना फुकट मिळालें होतें, आणि स्टॉलमनप्रभृतींच्या आक्षेपांकडे टॉरवल्ड्सनें लक्ष दिलें नाहीं. २००५ सालच्या एप्रिलांत एका तंट्यावरून मालकानें फुकट वापराची परवानगी काढून घेतली, आणि एवढा मोठा उद्योग रातोरात उघड्यावर पडला. टॉरवल्ड्सनें त्याच महिन्यांत गिट नांवाचें खुलें साधन लिहावयास घेतलें, आणि आज जगांतील बहुतेक सर्व संगणककार त्यावरच काम करतात. ह्यावरून कोणी म्हणतील, पाहा, बंद साधन घेतल्यानें शेवटीं भलेंच झालें. मी म्हणतों, भलें झालें तें टॉरवल्ड्ससारखा माणूस घरांत होता म्हणून. आमच्या शाळेंत प्रिंटर बंद पडला तेव्हां तसा कोणी नव्हता.

आतां ह्या सर्वांचें तात्पर्य. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें बंद ड्रायव्हर हें सावकाराचें कर्ज आहे. घरांत आजारी माणूस असतां कर्ज काढूं नये असें म्हणणारा मनुष्य तत्त्वाचा असेल, पण शहाणा नव्हे. म्हणून वाय-फायबद्दल मीं दिलेला निर्णय चुकला असें मला वाटत नाहीं. परंतु कर्ज काढणाऱ्यानें तीन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, तें वहींत लिहावें. २००१ सालचा तो शिक्का किंवा डेबियनचा तो निराळा कप्पा म्हणजे ही वही होय, आणि २००४ सालची ती युक्ति म्हणजे वहींतील खोटी नोंद. दुसरी, घराचें दस्तऐवज सावकाराकडे गहाण ठेवूं नयेत; म्हणजे त्याच्या सोयीसाठीं गाभ्याची सुधारणा अडवूं नये. आणि तिसरी, फेडीची तजवीज त्याच दिवसापासून करावी. इतिहास असें सांगतो कीं, खुले ड्रायव्हर नुसत्या रागानेंही मिळाले नाहींत आणि नुसत्या विनवणीनेंही नाहींत. एकीकडे स्वतः लिहिण्याची धमक, दुसरीकडे माहिती देणाऱ्यास साह्याचा हात, आणि तिसरीकडे जाणत्या गिऱ्हाइकांची मागणी, हीं तिन्हीं एकवटलीं तेथेंच कंपन्यांचीं कपाटें उघडलीं.

माझी चूक झाली ती निराळ्या जागीं. वाय-फाय चालूं झालें, अर्ज गेले, आणि आम्ही तें कर्ज विसरलों. त्याहून मोठी चूक २०१० सालीं, प्रिंटर घेतांना झाली. दुकानदारास आम्हीं किंमत विचारली, पानें मिनिटाला किती निघतात तें विचारलें, शाईचा खर्च विचारला; ह्याचा ड्रायव्हर खुला आहे का, हें मात्र विचारलें नाहीं. तसा प्रिंटर थोड्याफार फरकानें त्याच किंमतींत मिळत होता, हें मला चार वर्षांनीं कळलें. लोकांच्या वर्गणीचा तो पैसा होता. त्याचा हिशेब मीं कोणास दिला नाहीं, तो आज आपणांसमोर देत आहें.

निवृत्त होण्यापूर्वीं शाळेसाठीं दुसरा प्रिंटर घेण्याची वेळ आली, तेव्हां मी त्या विद्यार्थ्यास बरोबर घेऊन गेलों आणि प्रथम हाच प्रश्न विचारला. दुकानदार गोंधळून म्हणाला, "गुरुजी, असें आजवर कोणीं विचारलें नाहीं." मीं म्हटलें, "आतां विचारलें आहे. कंपनीच्या माणसास कळवा." कळविलें कीं नाहीं कोण जाणे. परंतु श्रोतेहो, शाळेसाठीं, ग्रंथालयासाठीं वा घरासाठीं यंत्र घेतांना हा एक प्रश्न आपणही विचारावा, एवढी माझी विनंती आहे. जुना प्रिंटर मीं भंगारांत जाऊं दिला नाहीं. एखादा विद्यार्थी उलट्या वाटेनें त्याची भाषा शोधून काढील अशी आशा आहे, आणि तोंवर मुलांना इतिहासाचा हा धडा सांगण्यास तो कपाटांत असावा, हें बरें.